हिरा कठीण आहे, अतूट नाही

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बोत्स्वानातल्या कारोवे खाणीतून २,४९२ कॅरटचा हिरा निघाला. कॅरट हे हिऱ्याच्या वजनाचं माप. पाच कॅरट म्हणजे एक ग्रॅम, म्हणजे तो दगड जवळजवळ अर्ध्या किलोचा. बातमी जगभर झळकली आणि नेहमीचे प्रश्न पुन्हा वर आले. कोळसाच दाबला जाऊन हिरा होतो ना? हिरा कशानेच फुटत नाही, मग एवढा मोठा दगड कापतात कसा? आणि आता कारखान्यातही हिरे बनू लागलेत, तर खाणीतल्या हिऱ्यात वेगळं असं काय राहिलं?

हे प्रश्न वेगवेगळे वाटतात, पण त्यांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. हिऱ्याचे सगळे गुण त्याच्या आतल्या बांधणीतून येतात. ती बांधणी तो जिथे जन्मला तिथल्या दाबातून आणि तापमानातून येते. आणि पृथ्वीवर तो कुठे सापडणार, हेही त्याच जन्मस्थानावरून ठरतं. म्हणून सुरुवात आतून करू.

तोच कार्बन, मांडणी निराळी

हिरा म्हणजे निव्वळ कार्बन. पेन्सिलीत ज्याला आपण शिसं म्हणतो ते खरं तर ग्रॅफाइट, आणि तेही कार्बनच. एक जगातला सर्वांत कठीण नैसर्गिक पदार्थ, दुसरा इतका मऊ की कागदावर घासला तरी झिजतो. फरक फक्त अणू कसे बसलेत त्याचा.

कार्बनचा अणू चार शेजाऱ्यांशी बंध जोडू शकतो. हिऱ्यात हे चारही बंध वापरलेले असतात, चारही सारख्याच ताकदीचे, आणि ते एकमेकांपासून जास्तीत जास्त लांब अशा चार दिशांना पसरलेले असतात. प्रत्येक शेजाऱ्याला पुन्हा त्याचे चार शेजारी. ही जाळी तिन्ही मितींत सलग चालू राहते, मध्ये कुठे कच्चा दुवा नाही. त्यामुळे आख्खा हिरा हा एका अर्थी एकच प्रचंड रेणू आहे. ग्रॅफाइटमध्ये मात्र प्रत्येक अणू तीनच शेजाऱ्यांना घट्ट धरतो. त्यातून सपाट पापुद्रे तयार होतात आणि एका पापुद्र्याची दुसऱ्यावरची पकड अगदी सैल असते. हिऱ्यात दोन अणूंमधलं अंतर ०.१५४ नॅनोमीटर असतं, तर ग्रॅफाइटच्या दोन पापुद्र्यांमध्ये ०.३३५ नॅनोमीटर. लिहिताना कागदावर उतरतात ते हेच निसटलेले पापुद्रे.

दाटीवाटीचा फरक वजनातही दिसतो. एक घन सेंटिमीटर हिरा ३.५२ ग्रॅम भरतो, तेवढंच ग्रॅफाइट सव्वादोन ग्रॅमच्या आसपास. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

हिरा कार्बनचाच आहे हे कळलं ते हिरे जाळून. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्लॉरेन्समध्ये मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा तापवला, तर तो चक्क नाहीसा झाला. १७७२ मध्ये लाव्हाझिए यांनी हाच प्रकार बंद भांड्यात केला आणि कोळसा जळल्यावर होतो तोच वायू हिरा जळल्यावरही होतो हे दाखवलं. शेवटची शंका १७९७ मध्ये स्मिथसन टेनंट यांनी मिटवली. सारख्या वजनाचा हिरा आणि कोळसा जाळला तर कार्बन डायऑक्साइडही सारखाच निघतो. विज्ञानाच्या इतिहासात इतके महागडे प्रयोग फार नसतील.

कठीण म्हणजे नक्की काय?

सगळ्यांत मोठा गोंधळ या एका गुणाबद्दल आहे, म्हणून इथे जरा थांबू.

खनिजशास्त्रात कठीणपणा म्हणजे ओरखडा न उठण्याची ताकद. १८१२ मध्ये फ्रीडरिश मोह्स यांनी दहा खनिजांची उतरंड लावली. वरच्याने खालच्यावर ओरखडा उठतो, खालच्याने वरच्यावर नाही. तळाला शंखजिरं, सातव्या पायरीवर गारगोटी, नवव्यावर माणिक आणि नीलम ज्याचे असतात ते कुरुंद, आणि दहाव्यावर हिरा. या उतरंडीत क्रम आहे, अंतर नाही. दहा हा आकडा नऊच्या शेजारी बसतो म्हणून हिरा कुरुंदापेक्षा किंचितच कठीण असेल असं वाटतं. प्रत्यक्षात टोकदार सुई रोवून मोजलं तर तो साधारण चौपट कठीण भरतो.

पण ओरखडा न उठणं वेगळं आणि घाव सोसणं वेगळं. घाव सोसण्याच्या गुणाला चिवटपणा म्हणू. चिवट पदार्थ दणका बसला की थोडा वाकतो, दबतो, ताकद अंगात जिरवतो. हिऱ्याचे बंध इतके ताठ की त्याला वाकताच येत नाही. जेड नावाचा हिरवा दगड मोह्सच्या उतरंडीवर सहा-साडेसहाच्या घरात आहे, हिरा त्यावर सहज रेघ मारेल. पण दोघांवर हातोडा घातला तर हिरा आधी फुटेल, कारण जेडच्या आत एकमेकांत विणलेले तंतू असतात आणि तडा त्यांच्यात अडकून पडतो.

शिवाय हिऱ्याला फुटायच्या ठरलेल्या दिशा आहेत. लाकूड फोडणारा कुऱ्हाड घालण्याआधी ओंडका फिरवून रेषा बघतो. रेषेला समांतर घाव बसला की एका झटक्यात दोन फाका, आडवा बसला की हात दुखतात. हिऱ्याच्या जाळीतही चार दिशांना असे थर आहेत, ज्यांच्यामध्ये दर क्षेत्रफळामागे तोडावे लागणारे बंध सर्वांत कमी असतात. त्या दिशेने धारदार पातं टेकवून नेमका ठोका दिला की हिरा आरशासारखा सपाट दुभंगतो. १९०५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सापडलेला कलिनन हिरा ३,१०६ कॅरटचा, म्हणजे सहाशे ग्रॅमच्या वर होता. १९०८ मध्ये अॅमस्टरडॅमच्या जोसेफ आशर यांनी तो याच पद्धतीने फोडला. आज लेझर आल्यामुळे तो ठोका देण्याची वेळ क्वचितच येते, पण रेषा कुठून जातात हे आजही आधी बघावंच लागतं.

ऐरणीवर ठेवून घणाचा घाव सोसतो तोच खरा हिरा, ही कसोटी आपल्याकडे फार जुनी. माणसाची पारख सांगायला ती ठीक आहे. खऱ्या हिऱ्यावर कुणी ती करू नये. ती करून किती अस्सल हिऱ्यांचा चुरा झाला असेल आणि चुरा झाला म्हणून ते खोटे ठरले असतील, याचा हिशेब कुणीच ठेवलेला नाही.

मग हिऱ्याला पैलू पाडतात कशाने?

हिऱ्यानेच. पण सारखाच कठीण असेल तर हिरा हिऱ्याला झिजवेल कसा? याचंही उत्तर दिशेत आहे. हिऱ्याचा कठीणपणा सगळ्या बाजूंनी एकसारखा नसतो. काही दिशांनी तो घासला जातो, काही दिशांनी ढिम्म हलत नाही. पैलू पाडायच्या फिरत्या चकतीवर हिऱ्याची भुकटी लावलेली असते. भुकटीतले कण वाटेल तसे पडलेले, त्यामुळे त्यातल्या काहींची कठीण बाजू नेहमीच वर असते. कारागीर हिऱ्याची नरम दिशा त्यांच्यासमोर धरतो. दिशा चुकली तर चकती तासन्‌तास फिरूनही काही घडत नाही.

झळाळी आणि रंग

खाणीतून निघालेला कच्चा हिरा पाहून बहुतेकांची निराशा होते. तुरटीच्या खड्यासारखा, किंचित तेलकट चकाकीचा दगड. झळाळी कापल्यावर येते.

हिऱ्यात शिरल्यावर प्रकाशाचा वेग बराच कमी होतो, निर्वातातल्या वेगाच्या साधारण दोन पंचमांश उरतो. तीन लाख किलोमीटरचा सेकंदाला सव्वा लाखाच्या आसपास येतो. वेग जितका उतरतो तितका किरण जास्त वळतो. हे वळणं ज्या आकड्याने मोजतात तो अपवर्तनांक हिऱ्याचा २.४२, साध्या काचेचा दीड. परिणाम असा की आत शिरलेला किरण आतल्या भिंतीवर थोडासा जरी तिरपा आदळला तरी बाहेर पडू शकत नाही, परत फिरतो. काचेत ही मर्यादा ४१-४२ अंशांची, हिऱ्यात अवघी साडेचोवीस. पैलूंचे कोन नीट बसवले की वरून शिरलेला प्रकाश तळाच्या दोन भिंतींवर उसळून पुन्हा वरूनच बाहेर येतो. १९१९ मध्ये मार्सेल टोल्कोव्हस्की यांनी हे कोन गणिताने मांडले आणि आजचा गोल घाटाचा हिरा बराचसा त्याच हिशेबावर कापला जातो. वाटेत निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जरा जास्त वळतो, म्हणून रंगीत ठिणग्या दिसतात.

पण ठिणग्या जास्त म्हणजे अस्सल, हे समीकरण चुकीचं. मॉयसनाइट नावाचा सिलिकॉन आणि कार्बनचा खडा हिऱ्याच्या दुपटीहून जास्त रंग उधळतो.

शुद्ध हिऱ्याला रंग नसतो. पिवळी छटा येते नायट्रोजनमुळे. कार्बनचा हा आवर्त सारणीतला शेजारी जाळीत सहज घुसतो. दुसऱ्या बाजूचा शेजारी बोरॉन, तो घुसला की हिरा निळा होतो. हिरवा रंग बहुतेक वेळा किरणोत्सारी खनिजांच्या सहवासाने जाळीतले अणू जागेवरून उडाल्यामुळे येतो. गुलाबी रंगात बाहेरचा अणू लागतच नाही. खोल जमिनीत पिळवटून निघालेल्या जाळीत जे दोष राहतात त्यांचा तो रंग. ऑस्ट्रेलियातली आर्गाइल खाण २०२० मध्ये बंद झाली, तोवर जगातले नव्वद टक्क्यांहून अधिक गुलाबी हिरे तिथूनच येत.

उष्णता पळवतो, वीज अडवतो

धातू उष्णताही वाहून नेतात आणि वीजही. दोन्ही कामं मोकळे इलेक्ट्रॉन करतात. हिऱ्यात सगळे इलेक्ट्रॉन बंधांत अडकलेले, म्हणून वीज वाहत नाही. तरीही नेहमीच्या तापमानाला उष्णता वाहून नेण्यात तो तांब्याच्या सुमारे पाचपट सरस आहे. त्याच्या हलक्या अणूंची ताठ जाळी एका टोकाचा कंप दुसऱ्या टोकाला जवळजवळ न गळता पोचवते. शक्तिशाली लेझर आणि इलेक्ट्रॉनिक चिपांखाली हिऱ्याची पातळ चकती घालतात ती उष्णता काढून घेण्यासाठी. खडे तपासायची खिशातली उपकरणंही हाच गुण मोजतात. पण मॉयसनाइटसुद्धा उष्णता झपाट्याने वाहून नेतो आणि जुन्या उपकरणांना फसवतो. म्हणून नवी उपकरणं वीजही तपासतात. बोरॉन असलेला निळा हिरा मात्र थोडी वीज वाहू देतो, तेव्हा इथेही अपवाद आहेच.

हिरा गिळला तर?

ऐतिहासिक कथांमध्ये पात्रं हिरकणी गिळून प्राण सोडतात. हिरा विषारी नाही. पोटातल्या आम्लाने तर सोडाच, प्रयोगशाळेतल्या तीव्र आम्लानेही तो विरघळत नाही, जसा गेला तसा बाहेर येतो. दक्षिण आफ्रिकेतल्या किम्बर्ली गावच्या हिरे-खाणमालकांना हे पक्कं ठाऊक होतं. कामगार हिरे गिळून पळवतील या धास्तीने घरी सोडण्याआधी ते त्यांना काही दिवस कोंडून ठेवत. मालकांच्या श्रीमंतीच्या गोष्टी सांगताना हा भाग सहसा वगळला जातो.

कोळसा दाबला की हिरा?

नाही. आणि हे सिद्ध करायला साधी कालगणना पुरते. कोळसा जमिनीवरच्या झाडापाल्याचा बनतो, आणि जमिनीवर जंगलं वाढली ती गेल्या चाळीसेक कोटी वर्षांत. बहुतेक नैसर्गिक हिरे शंभर कोटी वर्षांहून जुने, काही तर तीनशे कोटींच्या पुढचे. त्या काळी पृथ्वीवर झाड नावाची गोष्टच नव्हती. खोलीचा हिशेबही जुळत नाही. कोळशाचे थर जमिनीखाली फार तर काही किलोमीटरवर. हिरे बनतात साधारण १५० ते २०० किलोमीटर खाली.

तिथे पृथ्वीचं कवच संपून प्रावरण सुरू झालेलं असतं. प्रावरण म्हणजे कवच आणि गाभा यांच्यामधला, बहुतांशी घन पण अतिशय सावकाश वाहणारा खडकाचा जाड थर. हिरा बनायला लागणारा दाब हवेच्या दाबाच्या ४५ ते ६० हजार पट, आणि तापमान ९०० ते १,३०० अंश सेल्सिअस. मघाचा घनतेचा आकडा इथे कामाला येतो. दाब वाढला की निसर्ग कमी जागा व्यापणारी मांडणी पसंत करतो. सव्वादोनच्या ग्रॅफाइटपुढे साडेतीनचा हिरा तिथे सोयीचा ठरतो. उलट तापमान वाढलं की ग्रॅफाइटचं पारडं जड होतं. म्हणून नुसती खोली पुरत नाही, त्या खोलीच्या मानाने जागा थंड लागते.

अशी थंड जागा पृथ्वीवर सगळीकडे नाही. खंडांच्या पोटात काही अतिप्राचीन, घट्ट तुकडे आहेत, त्यांना भूवैज्ञानिक क्रॅटॉन म्हणतात. अडीचशे कोटी वर्षं किंवा त्याहून जास्त काळ ते फारसे मोडले-वितळलेले नाहीत. त्यांची मुळं दोनशे किलोमीटर खोल गेलेली असतात आणि आजूबाजूच्या प्रावरणापेक्षा थंड असतात. दाब भरपूर, उष्णता बेताची. हिऱ्यांची जन्मखोली ती हीच.

कार्बन येतो कुठून? प्रावरणातल्या खडकांच्या भेगांमधून कार्बोनेट किंवा मिथेन बाळगणारे द्रव झिरपत असतात. आसपासच्या खडकाशी रासायनिक क्रिया झाली की त्यातला कार्बन सुटा होतो आणि अणू-अणू करत स्फटिकावर बसतो. अर्थात सगळाच कार्बन जन्मापासून खालचा नसतो. समुद्रतळाचे खडक भूपट्टांच्या हालचालीत खंडाखाली ओढले जातात, त्यांच्याबरोबर पृष्ठभागावरचा कार्बनही खाली जातो, आणि काही हिऱ्यांतल्या कार्बनच्या समस्थानिकांमध्ये, म्हणजे कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या प्रमाणात, त्याचा माग लागतो. तेवढ्यापुरतं ‘सजीवांचा कार्बन हिऱ्यात जातो’ हे विधान अगदीच निराधार नाही. कोळशाचा मात्र त्यात काही संबंध नाही.

दीडशे किलोमीटर वर येतो कसा?

माणसाने आजवर खणलेलं सर्वांत खोल भोक बारा किलोमीटरच्या जरा पुढे जातं. हिऱ्यांपर्यंत आपण पोचत नाही. हिरे वर येतात, ज्वालामुखीतून. पण नेहमीच्या ज्वालामुखीतून नव्हे.

किम्बरलाइट नावाचा शिलारस क्रॅटॉनच्या मुळांपाशी किंवा त्याहूनही खाली तयार होतो. त्यात कार्बन डायऑक्साइड आणि पाणी ठासून भरलेलं असतं. वर येता येता दाब उतरतो, वायू सुटे होतात, शिलारस हलका होऊन आणखी वेगाने धावतो, आणि वाटेतल्या भिंतींचे तुकडे ओरबाडून बरोबर घेतो. हिरे त्या तुकड्यांतले. किम्बरलाइटने हिरे बनवलेले नसतात, फक्त वाहून आणलेले असतात. किम्बर्लीचे ज्वालामुखी सुमारे साडेआठ कोटी वर्षांपूर्वीचे, पण त्यांनी आणलेल्या हिऱ्यांत तीनशे कोटी वर्षांचेही आहेत.

हा प्रवास काही तासांत, फार तर दिवसांत होतो असा अंदाज आहे. तो वेग नसता तर हिरे उरलेच नसते. वाटेत दाब कमी झालेला, पण शिलारस अजून तापलेला, अशा अवस्थेत हिरा फार वेळ राहिला तर त्याचं ग्रॅफाइट होतं किंवा शिलारस त्याला खाऊन टाकतो. मोरोक्कोत बेनी बुशेरा नावाच्या ठिकाणी प्रावरणाचा एक तुकडा सावकाश वर सरकला. तिथे आज हिऱ्यांच्या आठ-फलकी आकाराचे खडे मिळतात, पण आत सगळं ग्रॅफाइट.

म्हणजे आपल्या अंगठीतला हिराही ग्रॅफाइट होतोय?

सिद्धान्ताने, हो. पृष्ठभागावरच्या दाबाला कार्बनचं स्थिर रूप ग्रॅफाइट आहे, हिरा नाही. पण बदल व्हायला आधी ते ताठ बंध तुटले पाहिजेत, आणि नेहमीच्या तापमानात तेवढी ऊर्जा कुठून येणार? त्यामुळे कोट्यवधी वर्षांतही काही घडत नाही. हवा नसलेल्या भट्टीत १,५०० अंशांच्या पुढे नेला तर मात्र तो खरंच ग्रॅफाइट होतो.

हवेत धोका लवकर येतो. सात-आठशे अंशांना हिऱ्याचा पृष्ठभाग ऑक्सिजनशी संयोग पावू लागतो. दागिना दुरुस्त करताना सोनाराच्या ज्योतीने हिरा पांढुरका, दुधट पडू शकतो. म्हणून जाणकार सोनार आधी खड्यावर बोरिक आम्लाचा लेप देतात. ‘हिरा चिरंतन असतो’ हे जाहिरातीचं वाक्य, रसायनशास्त्राचं नाही.

शोधायचे कुठे?

किम्बरलाइटचा उद्रेक जमिनीत गाजराच्या आकाराची नळी सोडून जातो, वर रुंद, खाली निमुळती. जगात अशा हजारो नळ्या सापडल्यात. बहुतेकींत हिरे नाहीत, आणि ज्यांत आहेत त्यांतल्या थोड्याच खणायला परवडतात. चांगल्या खाणीतही टनभर खडकामागे कॅरटभर हिरा मिळाला तरी ठीक समजतात, म्हणजे वजनाने पन्नास लाखांत एक भाग. आर्गाइलसारख्या काही ठिकाणी किम्बरलाइटऐवजी त्याचा भाऊबंद लॅम्प्रोइट हा खडक असतो. मध्य प्रदेशात पन्नाजवळच्या मझगवां खाणीचा खडकही हल्ली बरेच जण याच जातीत धरतात.

नळ्यांची ही गोष्ट माणसाला कळली अगदी अलीकडे. त्याआधी दोनेक हजार वर्षं हिरे नदीच्या गाळात मिळत. नळीचा वरचा भाग ऊन-पावसाने झिजतो, हिरे सुटतात, पाण्याबरोबर वाहतात आणि जड असल्यामुळे वाळू-गोट्यांच्या तळाशी बसतात. कृष्णेच्या काठचं कोल्लूर अशाच गाळातल्या हिऱ्यांसाठी प्रसिद्ध होतं. गोवळकोंडा ही त्यांची बाजारपेठ आणि सत्ताकेंद्र, खुद्द गोवळकोंड्यात खाण नव्हती. १७२० च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे पुरवणारा मोठा देश भारत एवढाच होता. आंध्रातल्या वज्रकरूरच्या शेतांत आजही पहिल्या पावसानंतर लोक हिरे शोधायला जमतात, कारण तिथे खाली किम्बरलाइट आहे आणि पाऊस वरची माती धुऊन नेतो.

१८६७ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत ऑरेंज नदीकाठी पहिला हिरा ओळखला गेला. चार वर्षांत लोक नदीपासून दूर कोरड्या माळावर खणू लागले. तिथे आधी पिवळी, भुसभुशीत माती लागली, ती संपल्यावर निळसर कडक खडक. अनेकांना वाटलं हिरे संपले, त्यांनी आपले तुकडे विकून टाकले. तो निळा खडक म्हणजेच न झिजलेला किम्बरलाइट, खरा साठा त्यातच होता. किम्बर्ली गावावरून त्याला नाव पडलं ते १८८७ मध्ये.

याच ऑरेंज नदीने पुढे एक कमाल केली. आतल्या मुलखातले हिरे तिने अटलांटिकपर्यंत नेले आणि लाटांनी ते नामिबियाच्या किनाऱ्याने उत्तरेकडे पसरवले. शेकडो किलोमीटर आपटत-घासत जाताना भेगाळलेले, डागी हिरे वाटेतच फुटले, कारण मघाशी पाहिलं तसं हिरा कठीण असला तरी चिवट नाही. समुद्रापर्यंत जे पोचले ते निवडक. म्हणून नामिबियाच्या किनाऱ्यावरचे आणि समुद्रतळावरून जहाजांनी उपसलेले बहुसंख्य हिरे दागिन्यात बसवण्याच्या प्रतीचे असतात, इतर खाणींत हे प्रमाण खूपच कमी.

खाणीचा माग काढताना शहाणे लोक हिरा शोधतच नाहीत, तो फारच विरळ. किम्बरलाइट बरोबर जांभळट-लाल गार्नेट, पाचूसारखा हिरवा डायॉप्साइड अशी प्रावरणातली खनिजंही भरपूर आणतो. ती गाळात सापडली की प्रवाहाच्या उलट चालत जायचं. लारिसा पोपुगायेवा यांनी १९५४ मध्ये सैबेरियात लाल गार्नेटचा माग काढत सोव्हिएत संघातला पहिला किम्बरलाइट गाठला. कॅनडात नदीऐवजी हिमनदीने खनिजं पसरवली होती. चार्ल्स फिप्के आणि स्टुअर्ट ब्लूसन यांनी अनेक वर्षं ती मागे मागे हुडकत नेली, १९९१ मध्ये हिरे असलेली नळी मिळाली आणि १९९८ मध्ये एकाती खाण सुरू झाली.

खडक फोडल्यावर हिरे वेगळे काढायलाही त्यांचेच गुण वापरतात. हिऱ्याला पाणी धरत नाही पण वंगण धरतं. ओला चुरा ग्रीस फासलेल्या पाटावरून सोडला की बाकी खडे वाहून जातात, हिरे चिकटतात. पुढे क्ष-किरण आले. कारोवेचा तो अर्ध्या किलोचा दगड खडक भरडला जाण्याआधीच क्ष-किरणांनी हेरला होता. नाहीतर यंत्राने त्याचे तुकडे केले असते.

पोटातला कचरा

जोहरी ज्याला डाग म्हणतो त्यावर भूवैज्ञानिक जीव टाकतात. हिरा वाढताना शेजारच्या खनिजांचे कण आत अडकतात आणि तसेच सीलबंद राहतात. वयही त्यांच्यावरूनच कळतं. शुद्ध कार्बनमध्ये मोजण्यासारखं काही नसतं, आणि पुराणवस्तूंसाठीचं कार्बन-१४ चं घड्याळ पन्नासेक हजार वर्षांतच संपतं.

बहुतेक हिरे दोनशे किलोमीटरच्या आतले असले तरी काही थेट चारशे ते सातशे किलोमीटरवरून आलेत. २०१४ मध्ये ब्राझीलच्या जुइना भागातल्या एका छोट्या, तपकिरी, बाजारात कवडीमोल हिऱ्यात रिंगवुडाइट नावाचं खनिज मिळालं. ते पाचशे-सहाशे किलोमीटर खोलीवरच टिकतं. त्या कणात वजनाच्या एक टक्क्याहून जास्त पाणी होतं, द्रवरूपात नव्हे, खनिजाच्या बांधणीतच. पृथ्वीच्या त्या थरात निदान काही ठिकाणी पाणी मुरलेलं आहे, याचा हा पहिला हाती लागलेला पुरावा.

आकाशातून?

थोडे येतात. काही उल्कांमध्ये सूर्याच्या आधीचे, डोळ्यांना न दिसणारे हिऱ्याचे कण सापडले आहेत. सैबेरियात पोपिगाई इथे साडेतीन कोटी वर्षांपूर्वी अशनी आदळला, त्या धक्क्याने जमिनीतल्या ग्रॅफाइटचे हिरे झाले. संख्येने प्रचंड, आकाराने बारीक, दागिन्याच्या कामाचे नाहीत.

कारखान्यातला हिरा खोटा का?

खोटा नाही. काच, झिरकॉन, मॉयसनाइट ही नक्कल. कारखान्यातला हिरा म्हणजे तीच कार्बनची जाळी, तोच कठीणपणा, तोच अपवर्तनांक. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत १९५४ च्या डिसेंबरात तो बनला, पुढच्या वर्षी जाहीर झाला. स्वीडनमध्ये त्याआधीच, १९५३ मध्ये, जमलं होतं, पण त्यांनी वाच्यता केली नाही. एक पद्धत प्रावरणाची नक्कल करते, प्रचंड दाब आणि उष्णता. दुसरी अगदी उलट, कमी दाबाखाली मिथेन आणि हायड्रोजनच्या तापलेल्या वायूतून हिऱ्याच्या पातळ चकतीवर कार्बनचे थर चढवते. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१८ मध्ये हिऱ्याच्या व्याख्येतून ‘नैसर्गिक’ हा शब्द काढून टाकला. वैज्ञानिकदृष्ट्या तो निर्णय बरोबरच होता.

मग फरक उरतो तो वेळेचा. कारखान्यात आठवडे, जमिनीखाली कोट्यवधी वर्षं. आणि हा फरक साध्या डोळ्यांना दिसत नसला तरी यंत्राला दिसतो, नायट्रोजनमुळे. हिऱ्यात नायट्रोजनचे अणू आधी सुटे-सुटे बसतात. प्रावरणाच्या उष्णतेत अतिशय सावकाश सरकत ते जोड्या बनवतात, पुढे चारचारचे गट. त्याला कोट्यवधी वर्षं लागतात. नैसर्गिक हिऱ्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक अशा गटवाले असतात. कारखान्यातल्या हिऱ्यांत एकतर सुटा नायट्रोजन असतो किंवा नायट्रोजन जवळपास नसतोच. त्यामुळे गट दिसले की यंत्र हिरा नैसर्गिक म्हणून पुढे सोडतं, आणि न दिसले की वाढीच्या खुणा बारकाईने तपासायला बाजूला काढतं. गंमत अशी की निसर्गातले सर्वांत शुद्ध हिरे, ज्यांत नायट्रोजन नावालाही नाही, तेही याच बाजूच्या ढिगात पडतात. कलिनन त्याच जातीचा होता.